तोमानाइच्या बागेतलं एक्स्प्रेस इंजिन

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे. वाफेवर चालणारं, एक्स्प्रेस गाड्या ओढणारं, आणि सध्या जपानच्या उत्तरेकडच्या तोमानाइ गावच्या बागेत निळ्या ताडपत्रीखाली उभं असलेलं. ही ताडपत्री मला बर्फापासून वाचवायला घातलेली नाही. माझ्यापासून गावाला वाचवायला घातली आहे. बर्फ वितळला की मला कापायला माणसं येतील. त्याआधी माझी हकिकत तुम्हाला सांगून टाकतो. ती मी गोड करून सांगणार नाही. गोड बोलणारी माणसं माझ्या आयुष्यात पुष्कळ आली, आणि माझं जे वाटोळं झालं ते बरंचसं त्यांच्यामुळेच.

दुसरं महायुद्ध संपल्याला तीन वर्षं झाली होती तेव्हा मी जन्मलो. देशात लोखंड नव्हतं आणि नवी एक्स्प्रेस इंजिनं बांधायची परवानगीही नव्हती. युद्धात घाईघाईने बांधलेली मालगाडीची इंजिनं मात्र कामाविना उभी होती. त्यांचे बॉयलर उचलून नव्या सांगाड्यांवर बसवले आणि कागदोपत्री 'दुरुस्ती' दाखवून आमची जात तयार केली. माझी चाकं उभ्या माणसाहून उंच होती. कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या पोटावर थाप मारली आणि तो म्हणाला, "छाती हमालाची आणि पाय शर्यतीच्या घोड्याचे. हे भूत धावणार कसं?"

मी धावलो. देशातल्या सगळ्यात मोठ्या मार्गावर, समुद्राच्या कडेकडेने, सगळ्यात मानाची गाडी आमच्या जातीने ओढली. स्टेशनात मी शिरलो की लोक टोप्या काढत. उपाशी दिवस होते ते. लोकांना काहीतरी मोठं, वेगाने जाणारं बघायला हवं होतं, आणि आम्ही ते होतो. मला वाटलं, हे असंच चालणार.

मग रुळांवर विजेच्या तारा आल्या. जिथवर तारा आल्या तिथून आम्हाला मागे सारलं, पुढे आल्या तर आणखी मागे. शेवटी उत्तरेच्या बेटावर कमी वजनाची इंजिनं हवी होती म्हणून आमच्यातल्या काहींना थोडं हलकं करून जहाजाने होक्काइदोला पाठवलं. बढती म्हणून नव्हे. दुसरीकडे कुठे जागा उरली नव्हती म्हणून.

तिथला डोंगर काही औरच होता. चढ उभा, वळणं आवळलेली, आणि बर्फ माणसाच्या छातीएवढा. एका इंजिनाने गाडी चढत नसे, म्हणून दोन लावत. पुढे माझं एक भावंड आणि त्याच्या मागे मी. पुढच्याला वारा आणि शाबासकी मिळायची. मागच्याला पुढच्याचा धूर. फोटोत पुढचं इंजिन येई आणि माझ्या जागी काळा ढग.

माझा ड्रायव्हर कुमागाइ हा तोंडाने फटकळ माणूस. त्याच्या हाताखाली फायरमन म्हणून नुमाता इसाओ आला तेव्हा तो चोवीस-पंचवीस वर्षांचा, काटकुळा, नुकतंच लग्न झालेला. कोळसा भट्टीत लोटायला माझ्यात यंत्र होतं, पण त्या चढावर ते पुरत नसे. फावडं मारावंच लागे.

"ए नुमाता," कुमागाइ ओरडायचा, "फावडं धरलंयस की भाताची पळी?"

"पळीच आहे, कुमागाइसान. तुम्ही दोन घास जास्त खाल तर गाडी लवकर चढेल."

"तोंड चालतंय तेवढे हात चालव! काटा बघ काटा, वाफ पडतेय!"

दोघं एकमेकांना दिवसभर असं बोलत आणि घाटमाथ्यावर पोचल्यावर एकाच डब्यातले भाताचे गोळे आणि खारवलेला मासा खात.

इसाओची बायको फुमि. घाटाच्या पायथ्याशी रेल्वेच्या चाळीत त्यांची खोली होती, रुळांना अगदी चिकटून. माझं आणि फुमिचं कधी पटलं नाही. तिने कपडे वाळत घातले की मी यायचो आणि माझी काजळी त्यावर बसायची. ती हातात ओली चादर धरून दारात उभी राही आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणे, "आलं काळतोंडं! नवरा दिवसभर नेतं तो नेतं, वर माझी चादरही खातं!" इसाओ खिडकीतून हसत हात हलवायचा. ती हात हलवायची नाही.

एका हिवाळ्यात आम्ही बोगद्यात अडकलो. रुळांवर बर्फ जमून कडक झाला होता. आधी पुढच्या भावंडाची चाकं जागच्या जागी फिरू लागली, मग माझी. गाडी जेमतेम सरकत होती आणि पुढच्याचा सगळा धूर बोगद्याच्या छताला आपटून माझ्या खोपट्यात, ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात तिथे, उतरत होता. डब्यांत माणसं भरलेली होती. कुमागाइने तोंडावर ओला रुमाल बांधला, थोडा वेळ तग धरला, आणि मग हातातल्या, वाफ सोडायच्या दांड्यावरच कोसळला.

इसाओने त्याला बाजूला ओढून खाली निजवलं. खाली धूर थोडा विरळ असतो. मग तो एकटाच कधी दांडा, कधी फावडं, कधी जमिनीला नाक लावून एखादा श्वास, असं करत राहिला. तो माझ्याशी बोलत होता. "चल रे. चल, हरामखोरा. थांबलास तर सगळे मरू." मी थांबलो नाही, मित्रांनो. बोगद्याच्या तोंडाशी उजेड दिसला तेव्हा इसाओ ओकत होता आणि रडत होता.

गाडी उशिरा पोचली म्हणून दोघांची चौकशी झाली. वरच्या साहेबाने विचारलं, चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर वाळू नीट टाकली होती का? शाबासकी कुणी दिली नाही. कुमागाइ पुन्हा गाडीवर चढू शकला नाही. त्याची छाती गेली. इसाओला खोकला लागला तो कायमचा.

पुढे आमच्या मार्गावरही डिझेलच्या गाड्या आल्या. आमची शेवटची फेरी ठरली आणि तेव्हा कुठे जगाला आमच्यावर प्रेम जडलं. कुठून कुठून माणसं आली, प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा. झाडांवर चढली, शेतांत घुसली. फुमिने चाळीमागे घेवड्याचे वेल लावले होते, त्यावर कॅमेऱ्यांची तिकाटणं रोवून ही माणसं उभी राहिली.

एकजण तिला म्हणाला, "बाई, जरा बाजूला व्हा ना. फोटोत येताय."

"माझ्याच अंगणात?"

"इतिहास आहे हा, बाई!"

"इतिहास तुमचा, घेवडा माझा," ती म्हणाली. "इतकी वर्षं हे रोज जात होतं इथून, तेव्हा कुठे होतात?"



माझी बहुतेक भावंडं एकेक करून भंगारच्या आवारात गेली. मी वाचलो. तोमानाइच्या गावसभेने मला मागून घेतलं होतं. तेव्हा गावोगावी ही टूमच निघाली होती. शेजारच्या गावाने इंजिन मागितलं तर आपण का नको? मला बागेत आणून चार हात रुळांवर उभं केलं, गळ्यात फुलांची माळ घातली. शाळेच्या मुलांनी गाणं म्हटलं. गावच्या प्रमुखाने भाषण केलं, "हे इंजिन आपण पिढ्यान्‌पिढ्या जपू. पुढच्या बर्फाआधी याच्यावर छप्पर घालू." टाळ्या पडल्या.

छप्पर आलं नाही. त्या बर्फाआधी नाही, त्यानंतरच्या बर्फाआधीही नाही. प्रमुख बदलले आणि नव्याला जुन्याचं भाषण आठवण्याचं कारण नव्हतं. समुद्राचं खारं वारं तिथवर येतं. पहिल्या दोन-तीन वर्षांतच माझ्या अंगावर तांबडे फोड उठले. कुणीतरी माझ्या नावाची पितळी पट्टी पळवली, मग वाफेचे काटे, मग दिवा. ज्यांनी हे पळवलं तेही स्वतःला आमचे चाहतेच म्हणवत असतील.

इसाओ मात्र येत राहिला. तो आता डिझेल चालवायचा, पण सुट्टीच्या दिवशी बादली, तारेचा ब्रश आणि तेलाचा डबा घेऊन हजर. सुरुवातीला शेडमधले जुने सोबती होते बरोबर, चांगली टोळी होती. मग एकाचे गुडघे गेले, एक मुलाकडे दक्षिणेला गेला, एक वारला. शेवटी इसाओ एकटा. तो माझ्या पोटावरचे पत्रे उघडायचा, आतलं पांढरं भुसभुशीत अस्तर ओलं झालं असेल तर खरवडून काढायचा, सुकं तेवढं पुन्हा दाबून बसवायचा आणि पत्रे बंद करायचा. बॉयलरची ऊब टिकवायला ते अस्तर असतं. माझ्यात आता ऊब कसली, पण इसाओच्या लेखी मी उद्या सकाळी गाडीला लागणार होतो.

फुमि जेवणाचा डबा घेऊन यायची आणि बाकावर बसून बडबडायची. "लग्न माझ्याशी केलंत की या काळतोंडाशी, एकदा काय ते सांगून टाका. माझ्या गुडघ्यांना कधी तेल लावलं नाहीत."

"तू बोलून दाखवतेस. हे बोलत नाही बिचारं," इसाओ म्हणायचा.

"म्हणूनच तुम्हाला आवडतं."

मग माकाबे आले. चांगले शिकलेले, मोठ्या शहरातले, आणि खरं सांगायचं तर मनापासून आमच्यावर जीव असलेले. त्यांनी मंडळ स्थापन केलं होतं. आमच्या जातीतलं एक तरी इंजिन पुन्हा वाफेवर चालवायचं, उन्हाळ्यात याच डोंगरावर पर्यटकांची गाडी न्यायची. इंजिनही निवडलं होतं. माझ्यापुढे धावायचं तेच भावंड. ते एका शेडमध्ये छपराखाली होतं, म्हणून बरं राहिलं होतं. पण त्याचे काही भाग झिजले होते, काही नव्हतेच. आणि तसे भाग जगात आता एकाच ठिकाणी होते.

माकाबे इसाओला घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "नुमातासान, चाकं जोडणारे दांडे, पाणी ओढायचे पंप, शिट्टी. एवढं मिळालं तर ते धावेल."

इसाओने माझ्या दांड्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. फुमि बोलली. "आणि याचं काय?"

"याला आम्ही लाकडाचे दांडे करून देऊ. रंगवून. लांबून कुणाला कळायचंही नाही."

"लांबून तर तुम्हाला माझे दातही खरे वाटतील," फुमि म्हणाली.

इसाओ हसला नाही. तो म्हणाला, "एक तरी धावू दे, फुमि. दोन्ही गंजून मरण्यापेक्षा एक धावू दे."

माकाबेंनी वाकून नमस्कार केला आणि आपण होऊन शब्द दिला, "पहिल्या गाडीला खोपट्यात तुम्ही असणार, नुमातासान. तो मान तुमचाच."

गावसभेने सही केली. मला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. दांडे काढायचं काम इसाओने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. बोल्ट गंजून जाम झाले होते. लोक म्हणाले, गॅसने कापून टाकू. तो म्हणाला, "हात लावाल तर बघा." त्याने तेल सोडलं, वाट पाहिली, हळूहळू ठोकलं, पुन्हा तेल सोडलं. शेवटचा दांडा सुटला तेव्हा त्याने माझ्या चाकावर तळहात टेकवला आणि तो तसाच उभा राहिला. माझा त्याच्यावर राग नव्हता. मला वाटत होतं, निदान माझं काही तरी त्या डोंगरावर पुन्हा जाईल.

गाडी सुटायचा दिवस आला. इसाओने जुना गणवेश कपाटातून काढला, फुमिने त्याला इस्त्री केली. दोघं स्टेशनवर गेले. मी बागेतच होतो. दुपारी शेतांवरून शिट्टी ऐकू आली, आणि मित्रांनो, ती माझी शिट्टी होती. आपलाच आवाज लांबून, दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं कसं असतं ते मला सांगता येणार नाही.

त्यानंतर थोड्याच वेळाने इसाओ आणि फुमि बागेत आले. तो गणवेशातच होता. त्याने गाडीत असायला हवं होतं. तो बाकावर बसला. फुमि उभीच होती.

"बोला की आता! तिथे गप्प बसलात, इथे तरी बोला!"

"जागा नव्हती गं."

"जागा नव्हती! तो देणगीवाला शिरला, त्याचा जावई शिरला, ती टीव्हीवरची बाई शिरली, तिच्या टोपीला जागा झाली! आणि तुम्हाला तो पोरगा म्हणतो, आजोबा, दोरीच्या मागे उभे राहा! तुमचे ते माकाबे बघत होते. मान खाली घालून बघत होते."

"त्यांचा नाइलाज झाला असेल."

"सगळ्यांचा नाइलाज होतो आणि दोरीमागे तुम्ही!"

इसाओला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर तो एवढंच म्हणाला, "धावलं ना? घाटही चढेल. मग झालं."

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही.

भावंड काही उन्हाळे धावलं. मग नवलाई ओसरली, देणगीवाले दुसऱ्या छंदाकडे वळले आणि बॉयलर पुन्हा तपासून घेणं कुणाला झेपेना. ते थांबलं. आता ते लांबच्या एका शहरात, मोठ्या संग्रहालयात, दिव्यांखाली चकचकीत उभं आहे. माझे दांडे त्याच्या चाकांना आहेत. माझी शिट्टी त्याच्या डोक्यावर आहे. फुमिने एकदा फोन करून विचारलं होतं, चालवायचं नाहीये तर निदान दांडे परत द्या. पलीकडून अतिशय नम्रपणे उत्तर आलं, ते भाग आता त्या इंजिनाचेच मानले जातात. माझे लाकडी दांडे तोवर कुजून गळून पडले होते. मुलं त्यांच्या तुकड्यांनी तलवारी खेळून गेली होती.

इसाओ येत राहिला, पण ब्रश लवकर ठेवून द्यायचा. चार पावलांत त्याला धाप लागे. एका वसंतात तो आला नाही. फुमि एकटीच आली आणि बाकावर बसली. त्या दिवशी ती मला काही बोलली नाही, आणि तिच्या गप्प बसण्यावरूनच मला कळलं.

त्यानंतर माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. पोटावरचे पत्रे सडून फाटले आणि आतलं पांढरं अस्तर वाऱ्याबरोबर भुरभुरू लागलं. मग एक दिवस पांढऱ्या पोशाखातली, तोंडाला मोठ्या मुसक्या, म्हणजे मास्क, बांधलेली माणसं आली, चिमूटभर अस्तर पिशवीत घालून घेऊन गेली. पाठोपाठ कुंपण आलं, लाल पट्ट्या आल्या. गावाच्या कचेरीतून होरिए नावाची एक तरुण बाई आली. तिने लोकांना कुंपणाबाहेर जमवलं आणि समजावून सांगितलं. हे अ‍ॅस्बेस्टॉस आहे. याची धूळ श्वासातून गेली तर वर्षानुवर्षांनी फुप्फुसं निकामी होतात. दुरुस्तीचा खर्च गावाला परवडणारा नाही. तेव्हा इंजिन सुरक्षितपणे तोडून टाकायचं ठरलं आहे. गावाला अतिशय वाईट वाटतं.

फुमि काठी टेकत पुढे आली. "ही धूळ आत्ता आली का? आधी नव्हती?"

"आधीही होती, आज्जी. पण पत्रे बंद होते तोवर..."

"बंद नव्हते. माझा नवरा ते उघडायचा. दर सुट्टीला उघडायचा, खरवडायचा, परत बसवायचा. उघड्या हातांनी. आणि मी इथे बसून त्याला डबा द्यायचे."

फुमिने काठी कुंपणावर आपटली.

"गावाला हे ठाऊक नव्हतं?"

होरिएने मान खाली घातली. "मला खरंच माहीत नाही, आज्जी. मी तेव्हा जन्मलेही नव्हते."

"म्हणूनच तुला पाठवलंय," फुमि म्हणाली.

मित्रांनो, तेव्हा मला ते कळलं. इसाओची छाती बोगद्यातल्या धुराने गेली, की कोळशाने, की या पांढऱ्या भुशाने, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण तिन्ही त्याला माझ्यापायीच मिळाले. ज्या एका माणसाने मला टाकलं नाही त्याला मी आतून पोखरत होतो, आणि तो मला पुसत होता. मला बागेत आणून उभं करणाऱ्यांनी एकदा तरी पोटात डोकावून पाहिलं असतं, एका जाणत्याला विचारलं असतं, इसाओच्या हाती साधी मुसकी दिली असती! पण त्यांना माळ घालायची होती. ती घालून झाली होती.

ताडपत्री घालायच्या दिवशी फुमि पुन्हा आली. होरिएला म्हणाली, "मला वर चढायचंय."

"आज्जी, परवानगी नाही हो."

"एवढी वर्षं हे माझ्या दारावरून जात होतं आणि मी एकदाही वर चढले नाही. आता चढू दे."

होरिएने इकडेतिकडे पाहिलं. मग स्वतःच्या तोंडाची मुसकी फुमिच्या तोंडाला नीट बांधली, दुसरी आपण बांधली आणि तिला पाठीमागून आधार देत वर चढवलं. फुमि फायरमनच्या बाजूला उभी राहिली. भट्टीचं दार बिजागरातून निखळलं होतं. तिने खिडकीच्या कडेवरून हात फिरवला. जिथे त्याचं कोपर टेकलेलं असायचं तिथला रंग पार उडालेला होता.

"इतकी अडचण?" ती म्हणाली. "उभं राहायलाही धड जागा नाही. इथे ठेवलंस होय रे त्याला?"

ती खाली उतरली आणि मागे न बघता गेली. मग माणसांनी ताडपत्री ओढली.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादं जुनं इंजिन असेल, नाहीतर तोफ, नाहीतर बंद पडलेलं विमान, बागेत, पाटी लावलेलं. मोठी माणसं तुम्हाला त्याच्यासमोर उभं करून फोटो काढतील आणि सांगतील, आपण हे जपलंय. तेव्हा एवढंच विचारा की, याला तेल कोण घालतं? त्या माणसाचं नाव काय? तो कसा आहे? उत्तर आलं नाही तर समजा की जपलेलं काही नाही, नुसतं ठेवलेलं आहे. आणि उद्या तुम्ही मोठे झालात, कुणी तुमच्या हातात माळ दिली, तर आधी छप्पर बांधा. ते जमणार नसेल तर माळही घालू नका. आमच्यासारख्यांना सरळ भंगारात जाऊ द्या. भट्टी अजून गरम असताना, चाकांना दांडे असताना, ओळखीचं एखादं माणूस तिथे उभं असताना. माझ्या बहुतेक भावंडांना ते मिळालं. मी वाचलो.